नाताळला अख्खं खानदान एका छपराखाली: हौस सगळ्यांची, पाठ एकीची?

थोरली जाऊ
सरळ मुद्द्यावर येते. सासरे आणि त्यांची चार भावंडं, मग सुना, जावई, नातवंडं धरून आम्ही २९ जण. गेली अकरा वर्षं सगळ्यांचा नाताळ आमच्याकडेच, कारण म्हणे आमचं घर मोठं. मोठं म्हणजे न्हाणीघरं दोन. माणशी दहा मिनिटं धरा, शेवटच्याचा नंबर लागायला दोन तास वीस मिनिटं.

गेल्या वर्षी मध्यरात्रीच्या उपासनेहून परतल्यावर दोन वाजता मी भांड्यांच्या ढिगापुढे उभी. बाहेर सासरे ख्रिस्तजन्माचा उतारा वाचत होते. उतारशाळेत जागा नव्हती, इथपर्यंत आले आणि मला नळ बंद करून हसूच फुटलं. आमच्याकडेही नव्हती. धाकटे दीर गाडीत झोपले होते.

माझं म्हणणं एवढंच, की २५ तारखेला ज्याने त्याने आपापल्या घरी राहावं आणि ६ जानेवारीच्या आत कधीतरी एक दिवस सगळ्यांनी भेटावं. नाताळ काही एका दिवसात आटपत नाही, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत चांगले बारा दिवस असतात. घरात हे बोलले तर दोन दिवस अबोला. तुम्हाला काय वाटतं?

गोठ्यातला बोकड
अजिबात पटलं नाही. दमायला होतं हे मान्य, पण भेटायचं तर त्याच दिवशी. बाकीच्या दिवशी जे होतं त्याला पाहुणचार म्हणतात. आमच्या मुलांना चुलत-मावस भावंडं माहीत आहेत ती या एका रात्रीमुळे. एका गादीवर पाच जण आडवे झोपून, कुणाची तरी लाथ खाऊनच ओळख होते.

जुना कागद
तारखेचं एवढं प्रस्थ कशाला? जन्माचा दिवस शुभवर्तमानांत दिलेलाच नाही. २५ डिसेंबरची सगळ्यात जुनी नोंद रोममधली, ३३६ सालची, तीही ३५४ मध्ये तयार झालेल्या एका यादीत सापडते. आर्मेनियन चर्च आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करतं. रशिया-सर्बियात ७ जानेवारी, कारण तिथल्या चर्चचं ज्युलियन पंचांग आपल्यापेक्षा १३ दिवस मागे आहे. युक्रेनने तर २०२३ मध्ये कायदा करून ७ जानेवारीची सुट्टीच काढली आणि २५ डिसेंबर तेवढा ठेवला. अख्ख्या देशाला जमतं, मग तुमच्या घराला का नाही?

गोठ्यातला बोकड
अहो, हे तर तुमच्यावरच उलटतं. तिथे सुट्टी सगळ्यांची एकदम बदलली. इथे थोरल्या जाऊबाई म्हणतायत ‘कधीतरी’. २८ म्हणा, एकाची रजा संपलेली. ३० म्हणा, दुसऱ्याची मुलगी तापलेली. २५ ला निदान सबब तरी चालत नाही. आमच्याकडे हा प्रयोग झालाय. पहिल्या वर्षी चौदा आले, दुसऱ्या वर्षी नऊ. तिसऱ्या वर्षी सगळे आले, पण ते आजोबांच्या अंत्यविधीला.

थोरली जाऊ
हे वाचून गप्प झाले. तरी विचारते, तुमच्याकडे भांडी कोण घासतं?

विषम वर्ष
सगळे सासरचंच बोलतायत. माहेर कुठे गेलं? दोन्हीकडे २५ च हवी असते. आम्ही तोडगा काढला, एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. ऐकायला छान. पण माझं विषम वर्ष माहेरचं, आणि माझ्या वहिनीचंही विषम वर्ष तिच्या माहेरचं. म्हणजे मी आईकडे पोचते तेव्हा भाऊ सासुरवाडीला. सात वर्षं आम्ही बहीणभाऊ नाताळला एकमेकांसमोर बसलेलो नाही. दोघांपैकी एकाने एक वर्ष सोडलं तर गाडी रुळावर येईल, पण सोडायचं कुणी? म्हणून मी थोरल्या जाऊबाईंच्या बाजूने. २५ सोडून द्या, मला माझा भाऊ भेटेल.

हिशोबनीस
जरा विषय सोडून. २९ जणांनी एकमेकांना भेटवस्तू द्यायची तर २९ गुणिले २८, म्हणजे ८१२ पुडकी होतात. कागद आणि चिकटपट्टी कुणाच्या खिशातून? चिठ्ठ्या टाका. पण एकदाच चिठ्ठ्या टाकल्या की कुणाला तरी स्वतःचंच नाव येण्याची शक्यता ६३ टक्क्यांच्या आसपास असते, मग ‘परत टाका, परत टाका’ सुरू. सोपा उपाय सांगतो. नावं पिसून गोलात मांडा, प्रत्येकाने आपल्या पुढच्याला द्यायचं. एकालाही स्वतःचं नाव येत नाही. फक्त मांडणाऱ्याला सगळं गुपित कळतं, तेवढं त्याने पोटात ठेवावं. (आमचे मामा ठेवत नाहीत.)

गाडीत झोपणारा
मी दुसऱ्या घरातला, पण तुमच्या दिरांचा समदुःखी. खरं सांगू? मी गाडीत आनंदाने झोपतो. काकांच्या घोरण्यापेक्षा थंडी परवडली. त्यामुळे जागेचं मला विशेष काही वाटत नाही. ताई, तुमचं दुखणं तारखेचं नाही, भांड्यांचं आहे. पुरुषांना लावा कामाला.

थोरली जाऊ
लावलं होतं. दोन वर्षांपूर्वी दिरांनी सगळी भांडी घासली. कढईला तेल तसंच, कपांच्या कडेला चहाचे डाग. सकाळी मी परत घासली.

गोठ्यातला बोकड
सापडल्या बाई! दुसऱ्याच्या हातचं चालत नाही, नि ओझं मात्र २८ जणांच्या नावावर.

विषम वर्ष
बोकडभाऊ, तेलकट कढई तशीच ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी नाव कुणाला ठेवलं असतं? घासणाऱ्याला नाही, घराच्या बाईलाच.

गोठ्यातला बोकड
ठेवू देत की नाव! एक वर्ष ठेवतील, दोन वर्षं ठेवतील. आमच्या आईने ठेवू दिलं. चौथ्या वर्षी आत्यांचे यजमान स्वतःचा घासणा घेऊन यायला लागले. आणि हो, तुम्ही विचारलंत ना, आमच्याकडे भांडी तेच घासतात.

थोरली जाऊ
बोकडभाऊ, तुमचं थोडं झोंबलं. पण थोडंच. कढई सोडेन एकवेळ, न्हाणीघरं दोनाची चार कशी होणार?

काल सासूबाईंपुढे विषय काढला. मला वाटलं रडारड होईल. त्या सफरचंदाची साल काढत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘सहा तारखेच्या आत ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचा गोठा उतरवायचा नाही, एवढंच माझं. बाकी तुमचं तुम्ही बघा.’ अकरा वर्षं मी ज्यांच्यासाठी करत होते त्यांचं हे उत्तर!

मग धीर करून घरच्या ग्रुपवर लिहिलं, की तारीख २५ च ठेवू, यंदा फक्त घर बदलू. कुणाकडे जमायचं?

तीन तास झाले. वाचल्याच्या निळ्या खुणा सगळ्यांच्या आल्यात. उत्तर एकाचंही नाही.

गाडीत झोपणारा
माझी मागची सीट आहे रिकामी. लागली तर सांगा.