मदत हवी आहे: चौथीचा खाडीवरचा प्रोजेक्ट, पण फ्लेमिंगो तर आत्ता नाहीत

नमस्कार सगळ्यांना. आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगी चौथीत आहे, मराठी शाळा पण सेमी इंग्लिश. पहिल्या सत्राचा परिसर अभ्यासाचा प्रोजेक्ट मिळालाय, विषय 'आपली खाडी', दिवाळीच्या सुट्टीआधी द्यायचाय. दहा पानं, आणि त्यातली निदान दोन पानं 'मी स्वतः पाहिलेलं' अशी हवीत असं मॅडमनी फळ्यावर लिहून दिलंय. शिवाय वर्गासमोर उभं राहून तीन मिनिटं बोलायचंय.

आता अडचण अशी की फेब्रुवारीत आम्ही तिला जैवविविधता केंद्रातून बोटीने फ्लेमिंगो दाखवायला नेलं होतं आणि तेव्हापासून खाडी म्हणजे फ्लेमिंगो हे तिच्या डोक्यात पक्कं बसलंय, तिला तेच काढायचेत, तेच सांगायचेत, पण सप्टेंबर चालू आहे आणि ते येणार साधारण नोव्हेंबरात. मग स्वतः काय बघणार आणि काय लिहिणार? माहिती तशी माझ्याकडे आहे, म्हणजे ठाणे खाडी 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आली, मोठा रोहित आणि छोटा रोहित असे दोन प्रकार दिसतात, ते शेवाळ वगैरे खातात त्यातल्या रंगद्रव्यामुळे गुलाबी होतात आणि पिल्लं राखाडी असतात. पण हे सगळं मला माहितीये, तिने पाहिलेलं नाहीये, आणि मॅडमनी नेमकं तेच मागितलंय.

वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका स्टेशनरीवाल्याचा नंबर फिरतोय, तो अख्खी प्रोजेक्ट वही करून देतो, कलर प्रिंट, बॉर्डर, स्पायरल बाइंडिंग सकट. बऱ्याच जणांनी ऑर्डर दिलीये. मी कुणाला नावं ठेवत नाही, दोघंही नोकरीला असतील तर रात्री नऊला घरी येऊन कोण चित्रं कापत बसणार. मी स्वतःच तिसरीत तिचा पाण्यावरचा प्रोजेक्ट रात्री बारापर्यंत बसून केला होता, सुंदर झाला होता, आणि मॅडमनी तिला त्यातलं एकच विचारलं की हे चित्र कशाचं आहे, तर तिला सांगता आलं नाही. घरी येऊन ती म्हणाली, "आई तूच सांगायला यायला हवं होतंस." ते मला अजून खुपतं. म्हणून यावेळी मी तिच्या वहीला हात लावणार नाही असं ठरवलंय.

दुसरी अडचण बोलण्याची. घरी आजीसमोर तोंडाला कुलूप नसतं तिच्या, पण जुलैत परिपाठाला सुविचार वाचायचा होता तर आवाजच फुटेना, शेजारच्या मुलीने वाचला शेवटी. पाठ करून घेऊ का भाषण? की अजून काही उपाय आहे? प्लीज अनुभव असेल तर सांगा. आणि फ्लेमिंगोशिवाय खाडीवर चौथीच्या मुलीला काय बघता येईल तेही.

खाडीकाठी:
ताई, मी दिवा कोळीवाड्यातला. फ्लेमिंगो पाहुणे आहेत हो, खाडीत बारा महिने राहणारे वेगळेच. तिला सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळी न्या, म्हणजे चिखल उघडा पडतो. निवटी बघू दे, पुढच्या परांवर सरपटते, उड्या मारते, मासा असून पाण्याबाहेर फिरते कारण अंग ओलं असलं की ती कातडीतूनही श्वास घेते. बारके खेकडे असतात, त्यातल्या नराची एक नांगी भलीमोठी आणि दुसरी एवढीशी. तिवराच्या झाडाची मुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली दिसतील, ती झाडाला हवा मिळावी म्हणून. आणि तिवराच्या पानाला मागून-पुढून बोट लावून चाटून बघायला सांगा, खारट लागतं, झाड मीठ पानावाटे बाहेर टाकतं.
वेळ कशी काढायची ते सांगतो. कॅलेंडरात तिथी बघा, तिला तीनने गुणा, चारने भागा, येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाला भरती, तिथून सहा तासांनी सुकती. आपल्याकडे खाडी आत असल्याने थोडं मागेपुढे होतं. माझा बाप घड्याळ नसताना असंच सांगायचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीला भांग म्हणजे छोटी भरती, हे पण लिहू दे तिला. फक्त चिखलात उतरू देऊ नका, पाय रुतला की मोठ्या माणसालाही निघत नाही. केंद्रातल्या बांधलेल्या वाटेवरूनच बघा.

निवृत्त शिक्षिका, कळवा:
मार्कांचं टेन्शन अजिबात घेऊ नका. मी शिकवत होते तेव्हा 2010 च्या मूल्यमापन पद्धतीत तिसरी-चौथीला आकारिक (सत्रभर चालणारं) 60 आणि संकलित (सत्राच्या शेवटी होणारं) 40 असे गुण असायचे, आणि आकारिकमध्ये प्रकल्प हे अनेकांपैकी एकच साधन, तोंडीकाम, उपक्रम, स्वाध्याय, रोजचं निरीक्षण हे सगळं त्यात. दुकानातली वही आम्हाला पहिल्या पानावर ओळखू यायची, ते अक्षर मुलाचं नसतं. वाकडंतिकडं चित्र आणि खाली तारीख-वेळ, यावर मी नेहमी जास्त वेळ थांबायचे.
भाषण पाठ करून घेऊ नका. एक शब्द विसरला की मूल तिथेच अडकतं. हातात वस्तू द्या. पान, शिंपला, तिने काढलेलं चित्र. ते दाखवत बोलायला लागली की मुलं वस्तूकडे बघतात, तिच्या तोंडाकडे नाही, आणि अर्धी भीती तिथेच जाते. आधी आजीला सांगू दे, मग शेजारच्यांना, मग मैत्रिणीला. आणि मॅडमना जाऊन शांतपणे परिपाठाचं सांगा, पहिला नंबर तिचा लावू नका एवढं त्या नक्की ऐकतील.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दोघांचे. काल रविवारी जाऊन आलो. तिने स्वतः कॅलेंडर काढलं, द्वादशी होती, बारा त्रिक छत्तीस, भागिले चार नऊ, म्हणजे सकाळी नऊला भरती आणि दुपारी तीनच्या सुमारास सुकती, हे गणित वहीच्या पहिल्या पानावर तिनेच लिहिलंय, आणि खरंच आम्ही साडेतीनला पोचलो तर चिखल उघडा! तिथे तासभर हलली नाही. निवट्या मोजत होती, एकोणीसवर गेली आणि मग त्या हलतात म्हणून पुन्हा पहिल्यापासून. खंड्या दिसला, बगळे दिसले. पान चाटून तोंड वाकडं केलं आणि लगेच बाबांनाही चाटायला लावलं. चित्रातली निवटी बेडकासारखी झालीये, मी काही बोलले नाही. फ्लेमिंगोला शेवटच्या पानावर जागा ठेवलीये, 'नोव्हेंबरमध्ये बघून लिहीन' असं लिहून.

मॅडमशी पण बोलले, पुढच्या गुरुवारी पाचवा नंबर आहे तिचा. रोज रात्री आजीला सांगून होतंय, आजी मुद्दाम नवनवे प्रश्न विचारते.

खाडीकाठी दादा, तिचा एक प्रश्न आहे आणि मला उत्तर येत नाही. भरतीचं पाणी चढलं की निवटी कुठे जाते? बिळात की झाडावर? गुरुवारच्या आत सांगाल का, तिला ते वर्गात सांगायचंय.