मदत हवी आहे: सहा मुलांसाठी फँटसी रोलप्लेइंगचा पहिला संच कोणता? (सांगली)

हळदबाजार:
नमस्कार मंडळी. विश्रामबागेत आमच्या अपार्टमेंटमधली सहा पोरं आहेत, वय १२ ते १४. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना फाशांचा, गोष्टीत शिरून खेळायचा रोलप्लेइंग गेम शिकवायचा आहे. गेममास्टर (गोष्ट सांगणारा, राक्षस चालवणारा) मी. पोरं बुद्धिबळ नीट खेळतात. शाळा सेमी-इंग्रजी, त्यामुळे इंग्रजी शब्दांचं वावडं नाही, पण पानंच्या पानं इंग्रजी वाचणार नाहीत. बैठक जास्तीत जास्त दोन तास.

नजरेसमोर तीन बॉक्स आहेत: डंजन्स अँड ड्रॅगन्सचा २०१९ चा इसेन्शियल्स किट, त्यांचाच २०२२ चा स्टार्टर सेट आणि पाथफाइंडरचा बिगिनर बॉक्स. कोणता घ्यावा, आत काय कमी पडतं आणि पहिल्या बैठकीत नक्की कुठे फसतं, हे सांगा. इथे दुकानात उघडून बघायची सोय नाही, ऑनलाइनच मागवणार.

वीसतोंडी:
बॉक्सच्या आधी सहाचं गणित मांडा. नवख्या पोराला एका टर्नला दीड-दोन मिनिटं लागतातच: काय करू, कुठला फासा टाकू, त्यात किती मिळवू. सहा पोरं आणि तुमचे राक्षस मिळून एक फेरी पंधरा मिनिटांवर जाते. एकदा फासा टाकला की पाव तास नुसतं दुसऱ्यांकडे बघायचं. तीन-तीनचे दोन गट करा आणि दोन वेगळ्या दिवशी बसवा. हे जमणार नसेल तर कोणताच बॉक्स उपयोगाचा नाही.

तीनच्या गटाला माझं मत इसेन्शियल्स किटला. दोन कारणं. यात पात्र स्वतः घडवायचे नियम आहेत (पहिल्या पातळीपासून सहाव्यापर्यंत). २०२२ च्या सेटमध्ये पाच तयार पात्रं मिळतात, नवीन घडवता येत नाही. दुसरं, यात साइडकिकचे नियम आहेत, म्हणजे तीन पोरांच्या टोळीला साध्या नियमांचा एक जोडीदार देता येतो. ६४ पानांचं नियमपुस्तक, साहसाचं (खेळायच्या तयार गोष्टीचं) पुस्तक, ११ फासे, डीएमचा (म्हणजे गेममास्टरचा) पडदा, दोन्ही बाजूंनी छापलेला मोठा नकाशा आणि कार्डं, एवढा ऐवज आहे.

आता यात फसतं कुठे. (पोरांना हा धागा दाखवू नका.) साहसाच्या सुरुवातीला गावातल्या फलकावरून तीन कामांतलं एक निवडायचं असतं. त्यातलं अम्ब्रेज हिलचं काम वाचायला सोपं वाटतं, पण तिथे मँटिकोर नावाचा राक्षस आहे: एचपी (जीवाचे गुण) ६८, एका टर्नला तीन वार. पहिल्या पातळीची तीन पात्रं ज्यांचे एचपी जेमतेम ८ ते १२, ती दोन फेऱ्यांत आडवी होतात. पुस्तकात त्याच्याशी बोलणी करायची वाट आहे, पण पोरांना ती दिसत नाही. धनुष्य हातात असलं की बाण सुटतोच. पहिल्या बैठकीला तो कागद फलकावर लावूच नका. नोमेनगार्डचं काम द्या, तिथे बोलून बरंच सुटतं. एक काम झालं की पात्रं दुसऱ्या पातळीवर जातात, मग मँटिकोर चालेल.

आणि शून्य एचपी म्हणजे मेला नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगा. शून्यावर गेलेलं पात्र दर टर्नला २० चा (वीस बाजूंचा) फासा टाकतं: १० किंवा जास्त आलं तर यश, कमी आलं तर अपयश. तीन यशं आधी आली तर वाचला, तीन अपयशं आधी आली तर संपला. मधे कुणी एक एचपीचा जरी उपचार केला तर उठून उभा. हे माहीत नसलं की पहिलं पात्र पडताच बारा वर्षांचं पोर रुसून घरी जातं.

मिरजवेस:
वरच्या पहिल्या परिच्छेदाला +१, बाकी असहमत. गेममास्टरच नवा असेल तर पाथफाइंडर बिगिनर बॉक्स. त्याच्या हिरोच्या पुस्तकात सुरुवातीलाच एकट्याने खेळायचं साहस आहे. ते तुम्ही आधी खेळून बघा, अर्ध्याहून जास्त नियम डोक्यात बसतात. पुढे गेममास्टरच्या पुस्तकातलं तळघरही असं रचलंय की प्रत्येक खोलीत एकेक नियम कळत जातो. शंभराच्या वर पुठ्ठ्याची उभी पात्रं आणि पुसता येणारा नकाशा बॉक्समध्येच येतो, म्हणजे वेगळी खरेदी नाही.

बुद्धिबळवाल्यांना तीन ॲक्शनचा नियम पटकन रुचतो: चालणं एक, वार एक, ढाल उचलणं एक, कसेही तीन मिळून एक टर्न. फक्त एक सवय मोडावी लागते. नवखा हमखास तीनही ॲक्शन वारावरच घालतो. दुसऱ्या वारावर ५ वजा, तिसऱ्यावर १० वजा, त्यामुळे तिसरा वार जवळजवळ वाया. 'दोन वार आणि एक पाऊल मागे' हे तुमच्या राक्षसाकडून एकदा करून दाखवा, पोरं आपोआप शिकतील. मागे सरकलेल्यापर्यंत यायला समोरच्याला एक ॲक्शन मोडावी लागते, हा फायदा त्यांच्या लगेच लक्षात येतो.

वीसतोंडी:
@मिरजवेस, मान्य, शिकवायच्या बाबतीत तो बॉक्स वरचढ. पण पाथफाइंडरमध्ये लागायला हव्या त्या आकड्यापेक्षा १० जास्त आलं तरी क्रिटिकल (दुप्पट जखमेचा वार) होतो. म्हणजे 'लागला की नाही' एवढ्यावर भागत नाही, दर वेळी बेरीज-वजाबाकी पूर्ण करावी लागते. दोन तासांच्या बैठकीत ते जाणवतं. बाकी पुठ्ठ्याच्या पात्रांबद्दल शब्द नाही, झकास आहेत.

कृष्णाकाठची:
ताई-दादा, फाशांचं कुणीच बोललं नाही ओ. एका बॉक्समधले फासे टेबलाभोवती फिरवत बसलात तर अर्धा वेळ त्यातच जातो. प्रत्येक पोराला सात फाशांचा एक संच हवा: ४, ६, ८, १०, शेकड्याचा १०, १२ आणि २०. मागवताना २० चा फासा नीट बघा. पत्त्यांच्या गेममध्ये गुण मोजायला मिळतो तो चालत नाही. त्याच्यावर २० शेजारी १९, त्याच्या शेजारी १८ असे आकडे ओळीने असतात, त्यामुळे सरावाने हवी ती बाजू पाडता येते. खेळायच्या फाशावर मोठे आकडे सगळीकडे विखुरलेले असतात. ६ आणि ९ खाली रेघ आहे का, तेही बघा. ६ च्या फाशाला घरातला लुडोचा चालतो.

नकाशाला वेगळा खर्च नको. २२ बाय २८ इंची फुल चार्ट पेपर घ्या आणि एकेक इंचाच्या रेघा मारा. एक चौकोन पाच फूट, म्हणजे ११० बाय १४० फुटांचं मैदान झालं. वर डायनिंग टेबलावर घालतात तसलं पारदर्शक प्लास्टिक अंथरा. त्यावर साधे पाण्याचे स्केचपेन वापरा, ओल्या फडक्याने निघतात. व्हाइटबोर्ड मार्कर मऊ प्लास्टिकवर रात्रभर राहिला की डाग धरतो, त्यातही लाल सगळ्यात वाईट. फ्लेक्सवर चौकोन छापून आणायचा मोह होईल, तिथेही हीच अडचण. सोंगट्या म्हणून कॅरमच्या घेऊ नका, तीन सेंटिमीटरच्या वर असतात, अडीचच्या चौकोनात बसत नाहीत. शर्टाची मोठी बटणं बेस.

पोराच्या कॅरेक्टर शीटच्या (पात्राच्या माहितीच्या कागदाच्या) पाठीमागे तीनच ओळी मराठीत लिहून द्या:
वार: २० चा फासा + ५
लागला तर: ८ चा फासा + ३
माझ्यावर वार लागायला १६ हवेत.
(आकडे त्या-त्या शीटवरचे घाला.) पुढची इंग्रजी बाजू पहिल्या दिवशी उलटूच देऊ नका.

हळदबाजार:
मंडळी, मनापासून आभार. दोन गट करतो, फाशांचे तीन संच मागवतो, तेच दोन्ही गटांना चालतील. एक अडचण: इसेन्शियल्स किट एका विक्रेत्याकडे आहे, पण सील फुटलेलं. दुसऱ्याकडे २०२५ चा 'हिरोज ऑफ द बॉर्डरलँड्स' स्टार्टर सेट नवा आहे. तो घेऊन इसेन्शियल्सचं साहस त्यात चालवता येईल का?

वीसतोंडी:
सील फुटलेला घेणार असाल तर आतले ११ फासे, कार्डांचे ताव आणि नकाशा यांचा फोटो आधी मागा. कार्डं तावावरून सुटी केलेली असतील तर त्यातली हरवलेली कळत नाहीत.

नवा सेट पोरांसाठी सोपा आहे. पात्र, हत्यार, स्पेल (मंत्र) सगळं कार्डांवर, एचपीला टोकन, त्यामुळे शीट भरायची कटकट नाही. पण पात्रं तिसऱ्या पातळीपर्यंतच जातात. शिवाय तो २०२४ च्या नियमांवर आहे आणि इसेन्शियल्स २०१४ च्या. साहस चालवता येतं, पण दोन्ही नियमपुस्तकं एकदम टेबलावर ठेवू नका. उदाहरण म्हणून 'स्लीप' स्पेल घ्या. जुन्या नियमात ५ वेळा ८ चा फासा टाकून येईल तेवढ्या एचपीचे राक्षस थेट झोपतात, सर्वांत कमी एचपीवाल्यापासून सुरुवात. नव्यात प्रत्येक राक्षसाला बचावाचा फासा मिळतो. जखमेवरचं औषध पिणंही नव्यात बोनस ॲक्शन (टर्नमधली जादा छोटी कृती), जुन्यात पूर्ण ॲक्शन. पात्रांचे नियम ज्या बॉक्सचे, तेच सगळीकडे लावा. जुन्या साहसातून फक्त जागा, माणसं आणि राक्षसांचे आकडे उचला.

मिरजवेस:
आणि तीनच पात्रं असतील तर चकमकीतल्या राक्षसांपैकी एक सरळ कमी करा. गॉब्लिनचा (छोट्या राक्षसाचा) वार २० चा फासा + ४. जादूगाराचा एसी (त्याच्यावर वार लागायला हवा तो आकडा) १२ धरला तर फाशावर ८ पासून पुढे लागतो, म्हणजे शंभरात पासष्ट वेळा, आणि दोन वारांत आठ एचपी संपतात. चार गॉब्लिन एकट्या जादूगारावर धावले तर त्याची पहिली टर्न यायच्या आत तो खाली. तीन ठेवा, आणि ते तिघांवर वाटून सोडा.