पेजिंग लाइन ६०० ओमची, माइक इनपुटही ६०० ओमचा. तरी आवाज का फाटतो?

शिरोलीकर
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत देखभालीचे काम माझ्याकडे आहे. कार्यालयातील ईपीएबीएक्सच्या (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या) पेजिंग पोर्टपासून, म्हणजे फोनवरून हॉर्नवर पुकारा करण्याच्या जोडणीपासून, शॉपमधील १२० वॉटच्या अॅम्प्लिफायरपर्यंत सुमारे ८० मीटर शील्डेड वायर नेली आहे. दोन्हीकडे ६०० ओम लिहिलेले असल्यामुळे ती थेट माइक इनपुटला जोडली. मात्र व्हॉल्यूम जेमतेम उघडला तरी आवाज फाटतो, गाडीचा नंबर पुकारला तर भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसाला एकही आकडा कळत नाही, आणि कोणी बोलत नसतानाही हॉर्नमधून गुणगुण येत राहते. त्याच इनपुटला साधा माइक लावला की आवाज स्वच्छ येतो. ऑक्स इनपुट (माइकपेक्षा मोठ्या सिग्नलसाठीचा) संगीतासाठी गुंतलेला आहे. इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा रोध, ओममध्ये) जुळत असताना असे का व्हावे?

उद्यमनगर तंत्रज्ञ
इम्पिडन्स जुळला म्हणजे सिग्नलची पातळी जुळली असे होत नाही. आपली अडचण पातळीची आहे. टेलिफोनच्या मापनात ६०० ओमवर १ मिलिवॉट म्हणजे ० डीबीएम, आणि त्या वेळी लाइनवर ०.७७५ व्होल्ट असतात. आपला पोर्ट उणे १० डीबीएम देत असेल, तरी ते सुमारे ०.२४५ व्होल्ट होतात. माइक इनपुटला मात्र दोन-तीन मिलिव्होल्ट पुरतात. म्हणजे आपण त्याला शंभरपट, अर्थात ४० डीबी, जास्त सिग्नल देत आहात. व्हॉल्यूमचे बटण बहुधा पहिल्या टप्प्याच्या नंतर असते आणि आवाज त्याआधीच फाटलेला असतो, म्हणून बटण कमी करून फक्त फाटलेला आवाज लहान होतो.

अॅम्प्लिफायरच्या टोकाला लाइनवर आडवा (दोन तारांच्या मध्ये) ६८० ओमचा रेझिस्टर लावा, त्यापुढे १० किलोओम मालिकेत आणि इनपुटवर आडवा १०० ओम. त्यामुळे पोर्टला ६०० ओमच्या जवळचा भार मिळतो आणि सिग्नल सुमारे ४० डीबी उतरतो. हा पॅड (सिग्नल उतरवणारी ही रेझिस्टरची जोडणी) कार्यालयाच्या टोकाला लावू नका, कारण ८० मीटरच्या वायरवरून मोठा सिग्नल आणणे आणि शेवटी तो कमी करणे हेच हिताचे आहे. वाटेत शिरलेला गोंगाटही त्याबरोबर उतरतो.

कागल-साउंड
वरील उत्तर योग्य आहे, पण गुणगुण केवळ पॅडने पूर्णपणे जाईलच असे नाही. कार्यालयाचे अर्थिंग आणि शॉपचे अर्थिंग यांच्यात थोडा जरी फरक असला, तरी शील्डमधून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो, आणि फाउंड्रीत इंडक्शन भट्टी चालू असताना तो वाढू शकतो. पॅडच्या आधी ६००:६०० चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर बसवा, दोन्ही सिग्नल-तारा त्यातून न्या आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करा.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. पेजिंग पोर्ट बंद पडला म्हणून कोणी साध्या एक्स्टेंशनच्या तारा अॅम्प्लिफायरला थेट जोडू नयेत. त्यांवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतात आणि घंटी वाजताना सुमारे ७५ व्होल्ट एसी येतात. इनपुट जळून जाईल. त्यासाठी वेगळा पेजिंग अडॅप्टर लागतो.

आणखी एक विचारतो: हॉर्न किती आहेत, आणि कोणत्या टॅपवर (हॉर्नच्या ट्रान्सफॉर्मरवर किती वॉट निवडले आहेत)?

शिरोलीकर
१०० व्होल्ट लाइनवर १५ वॉटचे दहा हॉर्न आहेत.

कागल-साउंड
मग हॉर्नची एकूण मागणी १५० वॉट होते आणि लाइनचा इम्पिडन्स (१०० × १०० ÷ १५०) सुमारे ६७ ओमवर येतो. १२० वॉटच्या अॅम्प्लिफायरला किमान ८३ ओम हवेत. चार हॉर्न ७.५ वॉटच्या टॅपवर घ्या. मल्टिमीटर फक्त डीसी रोध दाखवतो, म्हणून हिशेब वॉटवरूनच करा.

शिरोलीकर
मनःपूर्वक आभार. आधी पोर्टवर मल्टिमीटर लावला, तेव्हा बोलताना आकडा ०.२ ते ०.३ व्होल्टमध्ये हलत होता. पॅड आणि ट्रान्सफॉर्मर एका लहान पत्र्याच्या डब्यात बसवले, भट्टीच्या बाजूचे चार हॉर्न सोडून पलीकडच्या चार हॉर्नचे टॅप उतरवले. आता व्हॉल्यूम अर्ध्यावर ठेवला आहे, गुणगुण कान लावल्यावरच ऐकू येते, आणि काल भट्टी चालू असताना पुकारलेला गाडीचा नंबर मोल्डिंगच्या कामगारांनी एका फटक्यात बरोबर सांगितला.