कौलं चाळायचीत पण पडवीत शिंजीर पक्ष्याचं घरटं, काय करू?

नमस्कार मंडळी, आम्ही गुहागरला असतो. पडवीतल्या वायरीला शिंजिराने घरटं केलंय, कोळ्याची जाळी, सुकी पानं, सालीचे कपटे असं लोंबतं बोचकं, आईला कचराच वाटला नि झाडू घेऊन निघाली होती. मादी भोकातून चोच बाहेर काढून बसते म्हणजे अंडी असणार, आणि उबवायलाच साधारण २ आठवडे, मग पिल्लं उडेपर्यंत आणखी तेवढेच. इकडे कौलं चाळायला (म्हणजे काढून, साफ करून परत नीट बसवायला) गडी सोमवारी येतोय, पावसाआधी परत मिळेल का देव जाणे. घरटं वायरीसकट ३-४ फूट सरकवलं तर मादी येईल का? त्यात भारद्वाज रोज माडाखाली घुटमळतोय, तो अंडी सोडत नाही. कोणाला अनुभव असेल तर सांगा प्लीज.