ऑनलाइन बुकिंग कंपनीकडे केलेली तक्रार: तुमचे अनुभव लिहा

तिकीट किंवा हॉटेल ऑनलाइन बुक केलं, घोळ झाला आणि तक्रार करावी लागली, असं तुमच्याबाबतीत घडलंय का? नुसता संताप नको, काय केल्यावर काम झालं तेही सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

आमचं विमान कंपनीनेच रद्द केलं. विमान कंपनी म्हणे, पैसे एजंटकडे पाठवले. बुकिंगवाले म्हणत, आमच्याकडे आलेच नाहीत. फोनवर दरवेळी नवा माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. शेवटी पीएनआर देऊन विमान कंपनीकडून रिफंड कोणत्या तारखेला पाठवला ते मेलवर लेखी घेतलं. तो मेल बुकिंग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. मी मेलमध्ये नियमाचा उल्लेख केला आणि पैसे आले.

ठाणे
मालवणला रात्री पोचलो, सोबत आई. रिसेप्शनवरच्या मुलाने रजिस्टर आमच्याकडे फिरवून दाखवलं, त्या तारखेला आमचं नावच नाही. ॲपवर मात्र 'कन्फर्म्ड'. मॅनेजर भला माणूस होता. 'या बुकिंगची सूचना आम्हाला मिळालेली नाही' असं लेटरहेडवर लिहून शिक्का मारून दिला. कंपनीने आधी पुढच्या प्रवासासाठी कूपन देऊ केलं. मी ठाम नकार दिला, पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात हवेत. त्या कागदापुढे त्यांना काही बोलता आलं नाही. अडचणीच्या जागीच पुरावा घ्या, घरी आल्यावर कोणी देत नाही.

नागपूर
कंपनी दाद देत नसेल तर 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. माझं काम तिथेच झालं. नाही झालं तरी ग्राहक आयोग आहेच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस गुरुग्रामला असलं तरी. आपण कंपनीला दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. मुदत दोन वर्षांची, ती मात्र सांभाळा.

पुणे
लॉकडाउनमधल्या तिकिटांचे पैसे मलाही फार उशिरा मिळाले. 1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने एजंटमार्फत काढलेल्या तिकिटांच्या परताव्याबद्दलही आदेश दिला होता. तरी मागे लागावंच लागलं.

कोल्हापूर
कृपया कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका. माझ्या वडिलांना असाच एक नंबर मिळाला. पलीकडच्याने रिफंडसाठी स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगितलं आणि खात्यातून पैसे गेले. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवलं म्हणून काही रक्कम गोठवता आली. वडील अजून त्या धक्क्यात आहेत. नंबर कंपनीच्या ॲपमधूनच घ्या.

नाशिक
माझं प्रकरण अजून लटकलेलंच आहे. रात्रीची बस थांब्यावर आलीच नाही, आणि ट्रॅव्हल्सवाला म्हणतो प्रवासीच आला नाही. माझ्याकडे ड्रायव्हरला केलेल्या फोनची नोंद आणि लाइव्ह लोकेशनचा स्क्रीनशॉट आहे. कोणाला अशा 'नो शो'चे पैसे परत मिळाले असतील तर सोबत काय पुरावे जोडले होते ते सांगा, मला तक्रारीचा मेल लिहायचा आहे.