मदत हवी आहे : वॉटर सॉफ्टनर घराबाहेर बसवायचाय

गोव्यात मांद्र्याला घर, पाणी बोअरचं. तपासून घेतलं तर हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण) ३८० पीपीएम, म्हणजे खूपच जास्त आला, पण पाणी खारं नाही. गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते, शॉवरची भोकं बुजतात. पाइपवर चुंबक लावून पाहिलं, काडीचा फरक नाही.

आत जागाच नाही, म्हणून हे क्षार काढणारा ऑटोमॅटिक सॉफ्टनर मागे पंपाशेजारी बसवणार. भिंत पश्चिमेची : दुपारभर ऊन, जूनपासून आडवा पाऊस. विक्रेता म्हणतो, ‘ताडपत्री टाका, काही होत नाही.’ आमच्याकडच्या वाऱ्यात ताडपत्री किती टिकते ते सांगायला नको! उन्हाने फायबरची टाकी खराब होते, त्यामुळे शेड करणारच. पण बंद शेडमध्ये दमट हवेने मिठाच्या टाकीतलं मीठ वर दगडासारखं जमतं, खाली पोकळी राहते आणि रिजनरेशन (मिठाच्या पाण्याने सॉफ्टनर धुऊन पुन्हा कामाला तयार करणं) फुकट जातं.

दुसरी अडचण रिजनरेशनमधून बाहेर पडणाऱ्या खाऱ्या पाण्याची. गटार नाही, सेप्टिक टँक आहे, जवळच विहीर आणि माड.

किनाऱ्याजवळ कोणी बाहेर बसवलाय का? शेड जाळीची केली की बंद? आणि रिजनरेशनचं पाणी कुठे सोडता?