मदत हवी आहे: सांगली-मिरजेत मराठीतून मोकळं बोलता येईल असं समुपदेशन

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच. लांबलंय, सांभाळून घ्या.

वय ४६, राहायला विश्रामबागला. तीन वर्षांपूर्वी रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे सांधे सुजवणारा संधिवात, निघाला. औषध मिरजेच्या डॉक्टरांचं: रविवारी रात्री मेथोट्रेक्सेट, मध्ये फॉलिक ॲसिड, तीन महिन्यांनी रक्त तपासायचं. सूज आटोक्यात आहे. तरी सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. दुधाची पिशवी दातांनी फोडते, गॅसचं बटण तळहातानं फिरवते. त्याची सवय झाली.

अडलंय दुसरीकडेच. अठरा वर्षं मी आणि सासूबाई ऑर्डरच्या पुरणपोळ्या करायचो. पुरण त्यांचं, लाटणं माझं. कॉलनीत माझं नाव कुणाला ठाऊक नसेल, पण पोळीवाल्या काकू म्हटलं की पोरंसुद्धा घर दाखवायची. हात दुखायला लागल्यावर ऑर्डरी कमी केल्या, कसंबसं जमवत होतो. मग दिवाळीनंतर सासूबाई पंधरा दिवसांच्या दुखण्यात गेल्या. होळीच्या आधी एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला, "काकू, यंदा दोन डझन हं." मी म्हटलं, राँग नंबर. त्या बाई माझा आवाज ओळखतात! त्यांनी परत लावला, मी उचलला नाही.

ते काही डोक्यातनं जात नाही. सासूबाईंचं लाटणं ओट्याखालच्या ड्रॉवरमध्ये आहे. तो ड्रॉवर उघडायला लागू नये म्हणून मी चमचे वरच्या फळीवर हलवलेत. रडू त्यांच्यासाठी येतं की माझ्या हातांसाठी, कळत नाही.

घरचे चांगले आहेत. हे म्हणतात, "पैशाची अडचण नाही, आराम कर." आरामच खायला उठतो हे कसं सांगायचं? जाऊबाईंबरोबर सत्संगाला दोनदा गेले. भजन आवडलं, पण तिथं आपलं बोलायची सोय नसते.

एका मानसोपचारतज्ज्ञांकडेही जाऊन आले. बाहेर दीड तास, आत दहा मिनिटं. गोळीनं झोप सुधारली, खोटं कशाला बोलू. पण सांगायचं ते राहूनच गेलं. टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, १४४१६ वर, एकदा रात्री फोन केला. फुकट असतो, मराठीत बोलतात, त्या ताईंनी शांतपणे ऐकलंही. दुसऱ्यांदा केला तर दुसऱ्या ताई, परत पहिल्यापासून सगळं.

तर गोळ्या न देता बोलून उपचार करणारे असतात ते नेमकं करतात काय? खरे शिकलेले कोण हे ओळखायचं कसं? ऑनलाइन घ्यावं तर घर दोन खोल्यांचं. काढे आणि "इंग्लिश गोळ्या सोडा" हे सल्ले कृपया नकोत, नणंदेकडून भरपूर मिळतात.

साताऱ्याचा गडी:
ताई, मी चार वर्षं डायलिसिसवर, आठवड्यातून तीनदा. आधी पोरांना घेऊन गड चढायचो, आता अजिंक्यतारा खालूनच बघतो.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, औषध ते देणार. बोलून उपचार करणाऱ्यांत चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असतात, त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक बेधडक मागा, चांगला माणूस रागावत नाही. नुसती "काउन्सेलर" अशी पाटी असेल तर शिक्षण काय, कुणाच्या हाताखाली काम केलं, तेही विचारा.

करतात काय? आमच्या मॅडमनी पहिल्या तीन वेळा नुसते प्रश्न विचारले. म्हणायला तासभर, त्यातही दहा मिनिटं कमी, आणि पैसे पाण्यात, असं वाटलं. चौथ्यांदा म्हणाल्या, गड सुटले म्हणजे नेमकं काय सुटलं, चढणं की माणसं जमवणं? मी गप्पच. कारण चढायचा मला कंटाळा होता, आज पहिल्यांदा चारचौघांत सांगतोय. हल्ली पोरांच्या ट्रेकचं जेवणापासून गाडीपर्यंत सगळं मी घरून बघतो. दमायच्या आधी थांबायचं हेही त्यांनीच शिकवलं. बऱ्या दिवशी सगळी कामं उरकायची आणि मग दोन दिवस आडवं पडायचं, ही माझी खोड होती.

तुम्ही बोललेलं गुप्त राहणं हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तुमचा हक्क आहे. विम्याचं म्हणाल तर पॉलिसीत ओपीडी, म्हणजे दवाखान्यात भरती न होता घेतलेले उपचार, नसेल तर सेशनची फी मिळत नाही, त्या नादाला लागू नका. झोपेची गोळी मात्र डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. आणि जगणंच नको असं कधी वाटलं तर तोच १४४१६, अपरात्रीही.

मी जातो त्या मॅडम फोनवरही घेतात. नंबर व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.

कृष्णाकाठची:
व्हिडिओच हवा असं काही नसतं. मी हेडफोन लावून संध्याकाळी आमराईत फिरत फिरत बोलते. लोकांना वाटतं माहेरी फोन चाललाय.

धागाकर्ती:
आमराईचं पटलं. दादा, तुमचं चढण्याचं वाचून दुपारभर बसून होते. माझं उलटं असावं. गिऱ्हाइकांशी सासूबाईच बोलायच्या, मला लाटणंच आवडायचं. आता याला तुमच्या मॅडम काय म्हणतात बघू. नंबर मिळाला, आभारी आहे. त्यांना विचाराल का, सोमवार सोडून कुठलीही संध्याकाळ मिळेल? रविवारच्या गोळीनं सोमवारी फार मळमळतं.